सहा जणांची कुस्ती

"आबा, आज शील्ड आणि वायट फॅमिली. बसा की!" असं म्हणत नातवानं मला हाताला धरून टीव्हीपुढं बसवलं. 2014 सालचा फेब्रुवारी. लेकीचा मुलगा हा, तेव्हा चौथीत, आमच्याकडंच शाळेला होता. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात 23 तारखेला झालेली कुस्ती टेन स्पोर्ट्सवर परत दाखवत होते. मला त्या प्रकाराचा तिटकारा. चार वर्षं तालमीची माती अंगाला लावलेला माणूस मी. दोराला झोके घेणाऱ्यांना पैलवान कोण म्हणणार? पण वैरण टाकून झाली होती, पंपाची लाईट रात्री बाराला येणार होती. बसलो.

एका बाजूला काळ्या जाकिटातले तिघं, डीन अँब्रोझ, सेथ रॉलिन्स, रोमन रेन्स. मग सगळे दिवे गेले आणि अंधारातनं कंदील घेऊन ब्रे वायट आला. मागं दोन दाढीवाले, ल्यूक हार्पर आणि एरिक रोवन. रोवनच्या तोंडावर मेंढीचा मुखवटा. सहाही जण समोरासमोर नुसते उभे राहिले. अजून कुणी कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तरी माणसं ओरडायला लागली. आपल्याकडं मोठी जोड लागायच्या आधी हलगी कडाडते आणि फडातला माणूस न कळत उठून उभा राहतो, तसंच ते.

नियम नातवानं सांगितला. लढायचं एकेकानं, बाकीचे दोराबाहेर आपल्या कोपऱ्यात. हाताला हात लागला की आतला बाहेर आणि बाहेरचा आत. उसाची मोळी ट्रॉलीत चढवताना आपण पाळी बदलतो तसं. त्यामुळं दमलेला माणूस फार वेळ समोर राहतच नाही, ताजा गडी येतो आणि कुस्ती थांबत नाही. वीसबावीस मिनिटं डोळ्याला उसंत नव्हती.

मी मात्र त्यांचं पडणं बघत होतो. रॉलिन्स हवेत उडायचा आणि खाली येताना हनुवटी छातीला लावायचा, हात पसरून पाठ सपाट टेकवायचा. हे आम्हाला वस्तादानं सहा महिने शिकवलं होतं. आणि टाकणारा? तोही दुसऱ्याचं डोकं सांभाळून टाकत होता. मारणाराच पडणाऱ्याची काळजी घेत होता. हे एकदा दिसल्यावर माझी चेष्टा बंद झाली.

शेवटाकडं अँब्रोझ आणि ब्रे वायट भांडत भांडत गर्दीत गेले. वायट परत आला, अँब्रोझ आलाच नाही. मग रॉलिन्सला दोघा दाढीवाल्यांनी उचलून टेबलावर आपटलं, टेबल मोडलं. उरला एकटा रेन्स. त्यानं तिघांनाही दम दाखवला. शेवटी वायटच्या अंगावर बैलासारखा धावून गेला, तर हार्पर मधे आला आणि ती धडक त्यानं स्वतःवर घेतली. तेवढ्यात वायटनं रेन्सला धरून आपटलं. पंचानं तीन मोजले, संपलं.

नातू रडायला लागला. मग नाक पुसत म्हणाला, "आबा, वर्गातली पोरं म्हणत्यात, हे आधीच ठरल्यालं असतंय. खरं का?"

"झोप आता," म्हणालो आणि पंपाकडं गेलो. अकराच वाजले होते.

ठरवलेल्या कुस्तीला आपल्याकडं नुरा कुस्ती म्हणतात. 1981 साली मी ती केलेली आहे. शेजारच्या एका गावची यात्रा. आदल्या रात्री तिथला एक जाणता माणूस घरी आला. "तुझ्याबरोबर आमचा जो पोरगा हाय, त्याला बघायला उद्या पाव्हणं येणार हायती. तेवढं सांभाळून घे बाबा." हातात पंचाहत्तर रुपये ठेवले. आमच्या विहिरीचं इंजिन तेव्हा बंद पडलेलं. घेतले.

मला वाटलं, पोराला ठाऊक असणार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी अंग ढिलं सोडलं आणि त्यानं जीव खाऊन ढाक मारली. खांद्यावर आलो. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, हलगीमुळं बाकी कुणाला नाही. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. माझे वडील चार कोस चालत कुस्ती बघायला आले होते. परत येताना बैलगाडीत त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती दिलं?" त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी कुस्तीचा विषय काढला नाही. मीही परत तालमीत गेलो नाही. कारण खांदाच सांगायचो.

त्या अमेरिकेतल्या फडात सहाही जणांना शेवट माहीत होता, बघणाऱ्यांतल्या मोठ्या माणसांनाही माहीत होतं. आमच्याकडं वडलांना माहीत नव्हतं आणि त्या पोरालाही नव्हतं.

डिसेंबर 2020 ला हार्पर वारला. ऑगस्ट 2023 मध्ये नातवाचा पुण्याहून फोन, "आबा, कंदीलवाला गेला. छत्तीस वर्षांचा होता." आवाज चौथीतल्यासारखा झाला होता. त्या रात्री पहिल्यांदा मी त्याला नुऱ्याची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून म्हणाला, "आणि त्यांना? अजून सांगितलं न्हाई?"

नाही. तो दर आठवड्याच्या बाजारात भेटतो. लग्न तिथंच झालं, संसार चांगला झाला. चहा पाजतो, लोकांना सांगतो, "ह्या गड्याला मी ढाकेवर चितपट मारलाय." मग हळूच विचारतो, "खांदा दुखतो का रं अजून?" मी म्हणतो, पावसाळ्यात थोडा.

आता हे छापून येणार. त्याची नात कॉलेजला आहे, माझं लिहिलेलं ती त्याला वाचून दाखवते.