मनगटावरील मोजमाप

ब्रह्मपुरी,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. नाना यास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पावले. सेवानिवृत्तीनंतर वजन वाढले, रक्तातील साखर सीमेवर येऊन ठेपली, डॉक्टरांनी रोज चालण्याची ताकीद दिली, आणि हे कानावर जाताच पुण्याच्या चिरंजीवाने मनगटावर बांधावयाचा फिटनेस बँड पाठविण्याचा लकडा लावला; तेव्हा दोन-अडीच हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत किंमत पडणाऱ्या या वस्तूवर पैसा घालावा की घालू नये, याविषयी माझा अभिप्राय तू मागितला आहेस. ज्याने भामरागड-आलापल्लीच्या रानांत आणि अखेरीस ताडोब्यात उभी हयात पायी गस्त घालण्यात काढली, त्याने आपण किती चाललो हे कळावे म्हणून यंत्र विकत घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. परंतु आपल्या शरीराविषयी कोणते ज्ञान मिळविण्याजोगे आणि कोणते नुसते साठवून ठेवण्याजोगे, हा त्याच्या पोटातील प्रश्न मोठा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम ही वस्तू करते काय ते पाहू. पट्ट्यात बसविलेला गतिमापक हाताचे हेलकावे तिन्ही दिशांनी टिपतो, आणि त्यांतील जे हेलकावे चालण्याच्या ठेक्याशी जुळतात त्यांची पावले म्हणून गणना करतो. पट्ट्याच्या तळाशी हिरवा प्रकाश लुकलुकत असतो. तो कातडीत शिरतो, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तेथील रक्ताचे प्रमाण कमीअधिक होत असल्यामुळे परतणारा प्रकाशही कमीअधिक होतो. त्यावरून नाडीचा वेग ठरतो. यापलीकडे, खर्च झालेले उष्मांक, झोपेची प्रत, मनावरील ताण असे जे आकडे पडद्यावर उमटतात, ते बव्हंशी अदमासाचे असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली अशा सात उपकरणांची परीक्षा घेतली, तेव्हा सातांपैकी सहांनी नाडीचा वेग पाच टक्क्यांहून कमी चुकीने दाखविला. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक ठरलेले उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ठरलेले ९३ टक्क्यांनी. तेव्हा बँडावरील उष्मांक पाहून रात्रीचा भात वाढविणे किंवा कमी करणे, हा व्यवहार कोणी करू नये.

रक्तातील प्राणवायूच्या आकड्याविषयी आपल्या भागात अधिकच सावधगिरी हवी. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की रुग्णालयात बोटाला लावावयाची यंत्रेसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची न्यूनता ओळखण्यास गोऱ्या रुग्णांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा चुकली. सावळ्या कातडीच्या, आणि त्यातही सिकलसेलचा आजार घरोघर ठाऊक असलेल्या आपल्या मुलखात, मनगटावरील आकडा ठीक दिसतो म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी बसवून ठेवणे धोक्याचे आहे.

हे यंत्र कोणत्या जीवनक्रमासाठी घडविले गेले, तेही ध्यानात घे. खुर्चीवर बसून काम करणारा आणि मोकळे हात हलवीत चालणारा मनुष्य त्याच्या निर्मात्यांच्या डोळ्यांपुढे होता. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून एकेक रोप लावणाऱ्या तुझ्या सौ.च्या कमरेने आणि मांड्यांनी केलेले श्रम त्याला दिसत नाहीत. डोक्यावरील मोळी एका हाताने सावरीत रानातून परतणाऱ्या बाईचा तो हात स्थिर असतो, म्हणून तिची कितीतरी पावले त्याच्या हिशेबी धरली जात नाहीत. यंत्राने नोंदले नाही म्हणून श्रम झाले नाहीत, असा निष्कर्ष आपल्या घरात कोणाच्याही बाबतीत निघू नये, ही माझी इच्छा आहे.

चिरंजीवाने तुला दहा हजार पावलांचे लक्ष्य सांगितले आहे. या आकड्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले, व्यायामाची हवा पसरली, आणि पुढल्याच वर्षी जपानमधील एका कंपनीने दहा हजार पावलांचे नाव धारण करणारे पाऊलमापक यंत्र बाजारात आणले. विक्रीसाठी निवडलेली ती पूर्णसंख्या पुढे जगभर आरोग्याचा नियम होऊन बसली. संशोधन झाले ते फार नंतर. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. पंधरा अभ्यासांच्या २०२२ सालच्या एकत्रित विश्लेषणातही साठी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा ६,००० ते ८,००० च्या दरम्यान निघाली. यातील बोध असा, की सर्वांत मोठा लाभ अगदी न चालणाऱ्याने थोडे चालू लागण्यात आहे. दहा हजार पुरी झाली नाहीत म्हणून खंत करण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. बँड बांधल्याने माणसाची वागणूक पालटते काय? पुरावा दोन्ही बाजूंनी आहे आणि तो दोन्ही बाजूंनी तुझ्यापुढे ठेवतो. अनेक अभ्यासांच्या २०२२ सालच्या समग्र आढाव्यात अशा उपकरणांमुळे रोजची पावले सरासरी सुमारे १,८०० नी वाढल्याचे आणि वजन सुमारे एक किलोने उतरल्याचे दिसते. हा लाभ थोडा असला तरी खरा आहे. उलटपक्षी, अमेरिकेत वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुण स्त्रीपुरुषांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना उपकरण दिले होते त्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोने उतरले, आणि ज्यांना दिले नव्हते त्यांचे जवळजवळ सहा किलोने. सिंगापुरात नोकरवर्गातील आठशे लोकांवर झालेल्या प्रयोगात, पैशाचे आमिष असेतोवर पावले वाढली, आणि ते बंद होताच वाढ ओसरली. वर्षाअखेरीस बहुतेकांनी यंत्र वापरणेही सोडले होते. यंत्र तेच, माणसेही सारखीच. फरक पडला तो आकडा पाहिल्यानंतर काय करावयाचे हे ठरले होते की नाही, यामुळे पडला असावा, असे मला वाटते.

या म्हणण्याला आधार म्हणून आपल्याच भागातील उदाहरण देतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’चे काम आरंभिले, तेव्हा खेड्यापाड्यांतील लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. श्वासाचा वेग ही त्या रोगाची खूण. परंतु घरोघर जाणाऱ्या निरक्षर सुईणींना तेवढी गणती येत नव्हती. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधे श्वासमापक घडविण्यात आले: एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू सरण्याआधी शेवटच्या मण्यापर्यंत हात पोहोचला, तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून तत्क्षणी औषध सुरू करावयाचे. त्या उपकरणाला वीज नव्हती, पडदा नव्हता, स्मृती नव्हती. परंतु त्याच्या मोजमापाचा शेवट एका निश्चित कृतीत होत असे, आणि ती कृती करणारी व्यक्ती औषधासह तेथेच हजर असे. प्रशिक्षित गावकऱ्यांकरवी न्यूमोनियावर उपचार करण्याच्या या उपक्रमाने बालमृत्यू घटल्याचा वृत्तान्त १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मोजमापाची किंमत त्याच्या सूक्ष्मतेवरून करू नये, त्यातून निघणाऱ्या निर्णयावरून करावी, हे तत्त्व मी त्या मण्यांवरून शिकलो, आणि तेच तुझ्या बँडाला लावून पाहतो.

आपल्या वयाच्या माणसाला या भागात भय कशाचे? ‘सर्च’च्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवून जो निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला, तो वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो: मृत्यूच्या सर्व कारणांत पहिला क्रम पक्षाघाताचा, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो त्याचा होता, आणि दर सात मृत्यूंपैकी एक त्याच्यामुळे घडला होता. मलेरिया आणि सर्पदंश यांनाच आपण जंगलातील वैरी समजत आलो. आणि उच्च रक्तदाब हे लकव्याचे प्रमुख कारण, जे वर्षानुवर्षे काहीएक लक्षण न दाखविता अंगात राहते, त्याची दखल कोणी घेतली नाही. आता पहा, ज्या एका आकड्यावर गोळी सुरू करणे, वाढविणे, मीठ कमी करणे असे ठाम निर्णय अवलंबून आहेत, तो रक्तदाबाचा आकडा साध्या बँडाला विश्वासाने मोजता येत नाही. त्याकरिता दंडाला पट्टी गुंडाळून हवा भरणारे यंत्र लागते, आणि ते साधारण बँडाच्याच किमतीत येते.

महागड्या घड्याळांच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्यांतील काही नाडीचा अनियमितपणा ओळखतात, आणि हृदयाच्या एका विशिष्ट अनियमित गतीमुळे लकव्याचा धोका वाढतो, हे खरे आहे. परंतु अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दर दोनशे जणांत सुमारे एकालाच घड्याळाने सूचना दिली. आणि सूचना मिळाल्यावर छातीवर पट्टी लावून ज्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांशांतच तो दोष त्या वेळी सापडला. डॉक्टरांना तुझ्याविषयी तसा संशय आला तर ते हृदयाचा आलेख काढतीलच. तोवर त्या घड्याळापायी चिरंजीवाने महिन्याच्या पगाराला हात लावण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. शिवाय तुझ्या नाडीची, झोपेची आणि हिंडण्याफिरण्याची नोंद कंपनीच्या दप्तरी जमा होते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला, तरी संमतीचा मजकूर न वाचता मान्यता देऊ नये; ठिकाणाची नोंद लागत नसेल तर ती बंदच ठेवावी.

मग बँड घ्यावाच काय? तुझ्यापुरता विचार करता, साधा घ्यावा, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण तुझ्या नोकरीत आहे. वनरक्षक असताना नियतक्षेत्राची गस्त हे तुझे कर्तव्य होते. पुढे ‘एम-स्ट्राइप्स’ प्रणाली आली, आणि कोणत्या पायवाटेने कोण किती गेले याचा नकाशा मोबाईलवर उमटू लागला. ती नोंद कामी येई, कारण कोणता कोपरा गस्तीवाचून राहिला हे तिच्यावरून वरिष्ठांना कळे आणि दुसऱ्या दिवशीची तजवीज त्याप्रमाणे होई. निवृत्तीबरोबर तो हुकूम संपला, आणि हुकुमाबरोबर चालणेही संपले. आता हुकूम तूच द्यावयाचा आणि तामिलीही तूच करावयाची. त्या कामी रोजचा एक निःपक्षपाती आकडा, विशेषतः आरंभीच्या काही महिन्यांत, उपयोगी पडेल.

क्रम मात्र माझ्या सांगण्याप्रमाणे असू दे. पहिला पैसा दंडाच्या रक्तदाबयंत्रावर घाल; ते आरोग्य केंद्रातील यंत्राशी ताडून घे, सकाळी पाच मिनिटे शांत बसून मोजमाप कर, वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांना दाखव. सौ.चाही रक्तदाब त्याच वेळी मोज. त्यानंतर सर्वांत साधा बँड माग. पहिला आठवडा काही न बदलता नेहमीप्रमाणे वाग आणि आपली पावले किती होतात ते पहा. मग दर पंधरवड्याला हजारेक वाढवीत सात हजारांवर ये. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटांचे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काम सांगितले आहे. बांधावरील कुदळीचे काम या दुसऱ्या खात्यात खुशाल धर. उष्मांक आणि झोप यांच्या आकड्यांकडे पाहू नकोस. तीन-चार महिन्यांत चालणे अंगवळणी पडले, तर बँड दुसऱ्या कोणाला देऊन टाक. न पडले, तर महाग घड्याळानेही ते पडणार नाही.

एका बाबतीत आकड्याच्या आहारी जाण्याची सक्त मनाई करतो. पुण्याच्या माणसाला पहाटेचे फिरणे आरोग्यदायी. आपल्याकडे मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत पहाटे रानात गेलेली माणसे परत आली नाहीत, हे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी निघालेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात झालेला मृत्यू तुम्हा सर्वांच्या काळजाला लागला होता. तेव्हा पावले कमी पडली म्हणून झुंजुमुंजू असताना किंवा दिवेलागणीनंतर गावाबाहेर जाऊ नकोस. ऊन वर आल्यावर, वस्तीतल्या रस्त्याने, सोबत घेऊन चाल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा घराच्या पडवीत फेऱ्या घाल. उष्णतेने नाडी आधीच जलद झालेली असते, तिला आणखी पळवू नये.

चिरंजीवाला माझा हा निर्णय कळव, आणि त्याच्या कळकळीचे मला कौतुक वाटते हेही कळव. रक्तदाबाच्या पहिल्या आठवड्याचे आकडे मला टपालाने धाड; ते चढे असतील तर बँडाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सौ.स व मुलांस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
दादा