आमच्या गाडीचे नाक

अंकासाठी स्वानुभव लिहायचा ठरला तेव्हा मैत्रिणींनी पाऊस, आई, वैनगंगेचा काठ हे विषय आपसांत वाटून घेतले. मजकडे उरली आमची जुनी पिकअप.

बाबा तिच्यावर धानाची पोती तुमसरच्या बाजारात नेतात. गाडी पेट्रोलची. गेल्या हंगामात तिचा पिवळा दिवा लागला आणि पेट्रोल पाण्यासारखे जाऊ लागले. गॅरेजवाल्याने यंत्र जोडून चिठ्ठीवर ‘पी०१३५’ असे लिहून दिले व म्हणाला, ‘‘ऑक्सिजन सेन्सर गेले. दोन्ही बदला.’’

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. ‘‘का लिवला आहे, वाच बरा बाई.’’

दोन रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. हा सेन्सर म्हणजे गाडीचे नाकच! १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत बॉशने ते प्रथम आणले. धुरात प्राणवायू किती उरला हे ते हुंगते, त्यावरून इंजिन पेट्रोल कमीजास्त करते. पुढचे नाक हे काम करते. मागचे, धूर शुद्ध करणाऱ्या डब्यावर नजर ठेवते. सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय नाकाला वास येत नाही, म्हणून आत हीटर असतो. आमच्या चिठ्ठीतला आकडा पुढच्याच सेन्सरच्या हीटरचा होता. मग मागचा कशाला बदलायचा?

गॅरेजवाल्यासमोर हे बोलताना माझे पाय लटपटत होते. पण त्याने मीटर लावून पाहिले. फ्यूज ठीक, वायर ठीक, पुढच्याचा हीटर तुटलेला. बाबा माझ्याकडे असे पाहत होते, की मी जणू कलेक्टर झाले!

दुकानात दोन जातींचे सेन्सर होते. एक स्वस्त, पण जुनी वायर कापून जोड द्यायचा. दुसरा अडीचपट महाग, प्लगसकट. चिखलापाण्यात जोड टिकायचा नाही, म्हणून मी महागाचा मागितला. खोक्यावरचे गाडीचे नाव आणि साल इंग्रजीत वाचून दाखवले, जरा मोठ्यानेच. बाबांनी पैसे मोजले. त्यांत माझ्या परीक्षेच्या फॉर्मचेही होते.

गॅरेजात प्लग जुळेना. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत ‘रिअर’ छापलेले होते, म्हणजे मागचा. दुकानदार असला माल परत घेत नव्हता. मला रडू आवरेना.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी काढलेला सेन्सर फडक्याने घासला, तेव्हा अंगावर कोरलेला नंबर दिसू लागला. एकेक आकडा चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून ते पुन्हा दुकानात गेले आणि तोच नंबर जुळवून सेन्सर आणला, उधारीवर.

दिवा विझला. उधारी फेडायला बाबांनी पंधरा दिवस रात्रीच्या खेपा केल्या. माझा फॉर्म विलंब शुल्कासह गेला. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, याचेच मला जास्त लागले.

चुकीचा सेन्सर त्यांनी माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला आहे. मी तो लपवू लागले तर म्हणाले, ‘‘राहू दे बाई. मांगचा जाईल तं हाच कामी येईल.’’