आमच्या घरची एकनळी

आज बंदुकीबद्दल लिहितोय. दचकू नका, शिकारीच्या बढाया मारणार नाही. मी जन्मभर बँकेत आकडे जुळवलेला माणूस. पण आपल्या बिदर-गुलबर्गा भागातल्या बऱ्याच मराठी घरांत वडिलांच्या नावाची एखादी जुनी बंदूक अजून असते, आणि तिचं पुढं काय करायचं हे कुणी बोलत नाही. आमच्याकडं हा प्रश्न यंदा आला, म्हणून लिहितो.

आमचं गाव भालकी तालुक्यात, मांजरेच्या बाजूला. १९४८ साली मे महिन्यात गोरट्याला रझाकारांनी जे केलं, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. गावात तेव्हा गोफणी, काठ्या आणि कुऱ्हाडी. आजी सांगायची, की रात्र रात्र ज्वारीत बसून काढली. त्यामुळं अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या मनात बंदूक घ्यायचं तेव्हापासून होतं. हातात पैसा आला तो साठच्या दशकात. दुनळी घ्यायची तर बैलजोडीचा पैसा, एकनळी एका दुभत्या म्हशीच्या भावात. अण्णांनी एकनळी घेतली.

बारा बोअरची, मधून मोडणारी. खटका दाबला की नळी खाली झुकायची. मागून एक काडतूस घालायचं, नळी वर करून बंद करायची, घोडा ओढायचा, मग चाप. बारा बोअर म्हणजे काय, हे मला अण्णांनीच सांगितलं. नळीच्या तोंडात बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घेतली, तर तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक.

नवशिक्याला ह्यापेक्षा सोपी बंदूक नाही. नळी मोडली की काडतूस आहे की नाही ते समोर दिसतं, आणि मोडलेल्या बंदुकीतून बार निघूच शकत नाही. आम्हा भावंडांना पहिला नियम हाच, की माणसांत यायचं तर बंदूक मोडून हातावर टाकून यायचं. आणखी एक सोय होती. नळीखालचं लाकूड काढलं की नळी आणि दस्ता वेगळे व्हायचे. गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधलं की शेतावर चालले.

पण ती कुठंही नेता यायची नाही. लायसन कर्नाटकापुरतं. उदगीर १९५६ पर्यंत आमच्याच बिदर जिल्ह्यात होतं, मग महाराष्ट्रात गेलं. तिथं आमची आत्या. अण्णा तिच्याकडं जाताना म्हणायचे, "मला चालतंय, हिला परराज्य हाय."

एका रात्रीचं सांगतो. मी तेव्हा गुलबर्ग्याला बी.कॉम. करत होतो, सुट्टीला आलो होतो. डुकरांनी ज्वारीत धुमाकूळ घातला होता, म्हणून अण्णा, मी आणि धाकटा भाऊ माळ्यावर बसलो होतो. बांधाकडं खसखस झाली. काळं काहीतरी वाकून हललं. धाकटा म्हणाला, "अण्णा, डुक्कर! मारा!" अण्णांनी बंदूक उचललीच नाही. ओरडले, "कोण हाय रं तिकडं?" उत्तर आलं, "मी हाय मालक, दार मोडायलोय." शेजारच्या मळ्यातला सालगडी, पाण्याला आला होता. आमची दातखीळ बसली. अण्णा एवढंच म्हणाले, "एकच बार हाय, म्हणून आधी बघायचं. दहा असते तर दहा वेळा बघितलं नसतं."

पुढं १९७२ चा वन्यजीव कायदा आला. काळविटाला हात लावणं गुन्हा झाला, आणि डुक्करसुद्धा परवानगीशिवाय मारायची सोय उरली नाही. अण्णांनी ते मानलं. मग मातीच्या ढिगात तोंड करून एखादा बार काढायचा, आवाजानं जनावर पळायचं. पिकाचं थोडं जायचंच.

बँकेत आल्यावर बंदूक रोजची झाली. दारात गार्ड, बहुतेक फौजेतून आलेले, हातात बारा बोअर. काडतुसांचा हिशेब रजिस्टरला, मोजून, सहीनिशी. निवडणूक आली की गावातल्या लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या, बँकेच्या बंदुकांना सहसा सूट मिळायची. अण्णा दर निवडणुकीला आपली एकनळी तेल लावून जमा करायचे, पावती घ्यायचे, आणि ती पावती पोथीसारखी जपायचे.

आता अमेरिकेतला माझा नातू काय म्हणतो बघा. त्यानं फोनवर एक बंदूक दाखवली. एकबारीच, मोडणारी, पण तिची नळी बदलता येते. दस्ता तोच, आज बारीक गोळीची नळी लावा, उद्या जाडीची, परवा छऱ्याची. पिशवीत मावते, शिकणाऱ्याला परवडते. थॉम्पसन सेंटर कंपनीनं १९६७ साली 'कंटेंडर' म्हणून असं एकबारी पिस्तूल काढलं, तेव्हापासून तिकडं हा प्रकार नावाजला. तो म्हणाला, "आजोबा, पणजोबांच्या बंदुकीला पण दुसरी नळी मागवा की!"

त्याला समजावून सांगावं लागलं. तिकडच्या कायद्यात, नंबर ठोकलेला मधला सांगाडा म्हणजे बंदूक. नळी नुसता सुटा भाग, टपालानं घरी येते. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रातच मोडतो. बिनलायसनची नळी कपाटात ठेवली तरी गुन्हा. तिकडं जी काटकसर, ती इकडं कोर्टाची पायरी. आपल्याच राज्यात कोडगू जिल्ह्यात कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून लायसनची सूट आहे, पण ती त्यांना. भालकी-आळंदवाल्यांना नाही.

अण्णा १९९८ साली गेले. दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी ठाण्यात जाऊन बंदूक, उरलेली काडतुसं जमा करून पावती घेऊन आलो. अण्णांनीच तसं बजावलं होतं. लायसन माणसाच्या नावावर असतं, माणूस गेला की ते संपलं. वारसाच्या घरात बंदूक राहिली तर ती बिनलायसनची बंदूक. भावाचं लायसन व्हायला पुढं वेळ लागला, पण रात्री झोप लागली.

यंदा भावाला सत्तर पूर्ण झाली. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसनदार सत्तरीला आला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडं राहिलं, तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. झालं, घरात दोन तट पडले. बेंगळूरचा थोरला पुतण्या म्हणाला, "काका, कशाला ब्याद, सरकारजमा करा." धाकटा शेती बघतो. तो म्हणाला, "रात्री मोटारीवर मी एकटा असतो. ठेवायची, पण विकून दुनळी घेऊ." दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत, हे मला फार लागलं.

मी थोरला म्हणून दोघांना बसवलं. म्हटलं, जो शेतावर राहतो त्यानं ठरवावं. पण दुनळी नको. आधी एकनळीवर हात बसू दे, आधी बघायची सवय लागू दे. नव्या नियमांत लायसनला शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो घे. भावांची ना-हरकत लागेल, ती थोरल्यानं द्यावी. थोरला गप्प बसला, मग म्हणाला, "सही करतो. पण पोरांच्या हाती लागणार नाही अशी लोखंडी पेटी माझ्या पैशानं." पेटी आली आहे. अर्ज डीसी ऑफिसात आहे.

मंडळी, विनंती एवढीच. तुमच्या वाड्यातल्या कपाटात, माळवदाखाली, वडिलांची किंवा आजोबांची बंदूक असेल, तर आज लायसनचं पुस्तक काढून नाव आणि मुदत बघा. २०१९ पासून लायसन पाच वर्षांचं झालंय, त्यामुळं विसरायला वाव जास्त. ज्याच्या नावानं आहे ते हयात नसतील, तर वेळ न घालवता ठाण्यात किंवा लायसनच्या दुकानदाराकडं जमा करा आणि पावती घ्या. आठवण म्हणून भिंतीवर टांगायची ती वस्तू नव्हे. आठवणीला अण्णांचा फोटो आहे की.