आपोआप गेलेलं राज्य

रविवार. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या वाड्याकडून जाताना 'लॅप्स' हा इंग्रजी शब्द हटकून डोक्यात येतो. हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स होते. तसंच आमचं नागपूरचं राज्यही झालं म्हणे! ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नाही, हयातीत दत्तकही घेतलेला नाही. मागाहून राजघराण्यानं घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानला नाही आणि १८५४ त राज्य खालसा केलं. साताऱ्याचा घास १८४८ मध्येच घेऊन झाला होता.

शब्दाची करामत अशी की त्यात घेणारा हात दिसतच नाही. वारस नाही, सबब राज्य गळून पडलं, ईस्ट इंडिया कंपनीनं फक्त उचललं. (कारकुनी भाषेत केवढी ताकद असते!) पण मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकायला कोणी काढले? जडजवाहीर लिलावासाठी थेट कलकत्त्याला कोणी नेलं? राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बाकाबाई त्या काळात कुणाशी भांडत होत्या? आपोआप घडणाऱ्या गोष्टीला एवढी हमाली लागत नाही.

आपल्याकडे याला घशात घालणं म्हणतात. डलहौसीनं नागपूर घशात घातलं, एवढंच.