दिवाळीच्या सुट्टीत दापोली

पोरांना गोवा हवा होता. पण वहीत हिशोब मांडला तेव्हा गोवा काही आमच्या भिशीच्या पैशात बसेना. मग दापोली ठरली. उन्हाळ्यात कोकणात घामाने जीव नकोसा होतो, पावसाळ्यात समुद्र खवळलेला. म्हणून दिवाळीची सुट्टी धरली. स्वारगेटहून एस.टी.ने जायचे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि आईंनी पंच्याहत्तरी ओलांडली, त्यांचा प्रवास फुकट. आमच्या घरात बायकाच जास्त, तेवढाच आधार!

आईंनी मात्र अट घातली, "वाटेत महाडला उतरायचं. चवदार तळं बघितल्याबिगर मी समुद्र बघायची नाही." २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब जिथले पाणी प्याले, ते तळे त्यांनी आजवर फोटोतच पाहिलेले. म्हणून एक रात्र महाडला. पुढे मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव, आणि दापोलीजवळचे वणंद, माता रमाईंचे माहेर. शेवटी मुरूडचा किनारा (दापोलीचे मुरूड, रायगडचे नव्हे).

"मग पाण्यात खेळायचं कधी?" धाकटीने विचारलेच. चारातला एक अख्खा दिवस तिच्या नावावर लिहून ठेवला आहे. आईंचे गुडघे दुखतात, तरी तळ्याच्या पायऱ्या उतरणारच म्हणतात. त्यांचा हात कोणी धरायचा, यावरून पोरांत आतापासूनच भांडण आहे.