आजोबा गावाला गेलेत

प्रिय चिमे,

तुझा मेसेज वाचला. लेक अजूनही आजीचं नाव निघालं की उठून खोलीत जाते, असं लिहिलंयस. याला मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून पत्र. सल्ला देत नाही, आमच्या घरात काय झालं ते सांगते.

थोरलीची दहावी आठवते ना? २३ मार्च २०२० चा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. इतर विषयांवरून सरासरी गुण मिळाले. सगळे म्हणाले, सुटलीस! ती मात्र महिनाभर नकाशे आणि रंगीत पेन्सिली टेबलावर मांडून बसायची. मी म्हणायचे, लोकांवर काय वेळ आलीये आणि तू कसलं घेऊन बसलीस? ते वाक्य अजून टोचतं मला.

धाकट्याचं याहून अवघड झालं. एप्रिल २०२१ मध्ये माझे सासरे हॉस्पिटलात गेले ते आलेच नाहीत. सात वर्षांच्या पोराला सांगितलं, 'आजोबा गावाला गेलेत.' गाव म्हणजे चिपळूण, त्याला रस्ता पाठ. रोज विचारायचा, 'एसटी सुरू झाली का?' मग विचारायचा थांबला. रडत नाही, हट्ट नाही, किती शहाणं बाळ म्हणून आम्ही कौतुक करत राहिलो.

जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. रात्री अंथरूण ओलं. तपासण्यांत काही निघेना, तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, 'पोट खरंच दुखतंय त्याचं, नाटक नाही हे.' मग विचारलं, 'घरात याच्यासमोर कुणी रडलंय का?' कुणीच नाही गं. आम्ही बाथरूमचा नळ सोडून रडत होतो.

तीन-चार भेटींनंतर तो बोलला. मी सारखी ओरडायचे, 'आजोबांजवळ जाऊ नको, त्यांना कोरोना होईल.' एका दुपारी तो गुपचूप त्यांच्या कुशीत जाऊन झोपला होता. आपल्यामुळेच ते गेले, हे ओझं पोरगं दोन महिने एकटं वाहत होतं.

त्या रात्री सगळं खरं सांगितलं. तुझ्यामुळे नाही, हे कितीदा तरी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, 'त्यांना पाणी कुणी दिलं?' आम्ही सगळे एकत्र रडलो, पहिल्यांदाच.

तुमच्या मेलबर्नला तर सहा लॉकडाउनचे मिळून २६२ दिवस झाले. सीमा बंद, म्हणून काकूंचं, लेकीच्या आजीचं, शेवटचं दर्शन तू फोनवर घेतलंस, आणि पोरीला बाहेर पाठवलंस. तिच्या भल्यासाठीच, मला ठाऊक आहे. पण तिच्या मनात तेव्हापासून काय बसलंय, ते विचार. ती बोलली नाही तर तिथल्या समुपदेशकाकडे ने, लाजू नकोस. इथे ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. आम्हाला तेव्हा ते नव्हतं.

काकूंचं इरकली लुगडं मी जपून ठेवलंय. येशील तेव्हा लेकीला घेऊनच ये.

तुझी,
माई