नंदुरबारची वाट आणि डच प्रजासत्ताकाचे सैनिक

१/
सतराव्या शतकात सुरतेहून निघालेला व्यापारी तांडा व्यारा, नवापूर करीत नंदुरबारला पोहोचे आणि पुढे थाळनेर, चोपड्यावरून बऱ्हाणपूर गाठे. १६१० मध्ये विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी याच वाटेने गेला. अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते.

२/
१६१६ मध्ये डचांनी सुरतेत वखार घातली. काही वर्षांतच त्यांचा फ्रान्सिस्को पेल्सार्ट आग्र्यात नीळ खरेदी करू लागला. १६२६ च्या सुमारास त्याने लिहिलेल्या वृत्तांतात जहांगीरकालीन समाजाचे आणि बऱ्हाणपूरचेही वर्णन येते. या मुलखाला दिसला तो डच असा: हाती हिशेबाची वही घेतलेला. त्याचे सैन्य समुद्रावर होते.

३/
डचांनी १५८१ मध्ये स्पेनच्या राजाची सत्ता झुगारली आणि १५८८ पासून ते राजाविना राज्य करू लागले. याच प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधिसभेने १६०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला तह करण्याचा, किल्ले बांधण्याचा, सैन्य ठेवण्याचा आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार दिला. भागधारकांच्या पैशावर सैन्य उभे राहिले.

४/
त्यात भरती कोण होई? घरी पोट भरत असलेला माणूस सहसा नाही. जर्मन प्रांतांतले, स्कँडिनेव्हियातले बेकार तरुण ॲमस्टरडॅमला येत. खाणावळवाला त्यांना उधारीवर ठेवून घेई आणि कंपनीत भरती करून देई. मोबदल्यात त्याला सैनिकाच्या भावी पगारातून दीडशे गिल्डरपर्यंतची रक्कम देणारी चिठ्ठी मिळे. सैनिकाचा पगार महिना सुमारे नऊ गिल्डर. या दलालांना लोक ‘आत्मे विकणारे’ म्हणत.

५/
दोन शतकांत कंपनीच्या जहाजांतून सुमारे दहा लाख माणसे आशियाकडे निघाली. त्यांतली निम्मीही परतली नाहीत. मात्र हे सैनिक केवळ बळी नव्हते. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी याच सैन्याने बांदा बेटांवरील समाज जवळजवळ नष्ट केला. हजारो माणसे मारली गेली, उपासमारीने मेली वा गुलाम झाली.

६/
१६२८ मध्ये पेल्सार्ट ‘बटाविया’ या नव्या जहाजाचा प्रमुख होऊन पुन्हा पूर्वेकडे निघाला. मागच्या दालनांत व्यापारी व अधिकारी. सैनिक तोफांच्या मजल्याखाली, जिथे ताठ उभेही राहता येत नसे. ४ जून १६२९ रोजी जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील खडकांवर फुटले. पेल्सार्ट होडीतून मदत आणण्यासाठी जावा बेटाकडे गेला.

७/
मागे सत्ता येरोनिमुस कॉर्नेलिस या दुय्यम व्यापाऱ्याच्या हाती आली. त्याने शस्त्रे ताब्यात घेतली आणि सैनिकांची एक तुकडी पाणी शोधण्याच्या निमित्ताने दूरच्या बेटावर पाठवली. ती तहानेने मरावी, हा हेतू. मग त्याच्या टोळीने शंभराहून अधिक स्त्री-पुरुष व मुलांची हत्या केली.

८/
पण सैनिकांना पाणी सापडले. वीबे हायेस या साध्या शिपायाच्या नेतृत्वाखाली त्यांनी फळ्यांना खिळे ठोकून शस्त्रे बनवली, दगडांचा आडोसा रचला, हल्ले परतवले आणि कॉर्नेलिसला जिवंत पकडले. तो दगडी आडोसा आजही उभा आहे. पेल्सार्टने परतल्यावर कॉर्नेलिसला फाशी दिली. हायेसला सार्जंट केले, पगार अठरा गिल्डर.

९/
त्या जहाजावर हुद्दा व्यापाऱ्याचा होता आणि जबाबदारी निभावली ती तळमजल्यावरच्या माणसाने. तरीही पुढील बढतीनंतर हायेस कागदपत्रांतून नाहीसा होतो. पेल्सार्टचा वृत्तांत मात्र जहांगीरकालीन इतिहासाचे साधन म्हणून आजही अभ्यासला जातो. नंदुरबारच्या वाटेवरील परकीय व्यापाऱ्यांची वर्णने वाचताना एवढे ध्यानात असावे: वही लिहिणाऱ्यामागे चिठ्ठीवर विकलेला शिपाई होता, आणि वाटेवर त्याचा माल वाहणारे गाडीवान व राखणदारही होते.